रंगावर जाऊ नका गं!

माझ्या पर्समध्ये किल्ल्या, डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी आणि बचत गटाच्या पावत्या यांच्याबरोबर एक हापूस आंबाही असतो. खरा नव्हे, फ्रीजच्या दारावर चिकटवायचा. ओळखीपाळखीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आमच्या घरातले हसतात, “चला, आईचा आंबा निघाला!” हसू देत बापडे. हा आंबा पर्समध्ये येण्याआधी आमच्या गटाला किती मोजावे लागले, ते मैत्रिणींनो, आज तुम्हाला सांगायचंय.

गोष्ट 2016 सालची. मी नगरला राहते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून अजून नगरच येतं.) पारनेर तालुक्यातल्या काही बचत गटांचे हिशेब बघायला, बँकेच्या कामात मदत करायला मी आठवड्यातून एक-दोनदा तिकडे जाते. त्यातला एक गट अकरा जणींचा. पापड, कुरडया, शेवया आणि उन्हाळ्यात कैरीचं लोणचं. हाताला चव अशी, की नगरच्या प्रदर्शनात दुपारपर्यंत टेबल रिकामं. अडचण एकच, माल न्यायचा कसा? एसटीत घालावा तर कुरडयांचा चुरा व्हायचा. दुधाच्या टेम्पोवाल्याच्या विनवण्या कराव्यात तर तो त्याच्या वेळेनं निघणार. मग एका बैठकीत ठरलं, आपली स्वतःची गाडी घ्यायची. जुनी का होईना, पण गटाची.

आता पारनेर तालुक्याचं अर्धं घर मुंबई-ठाण्यात. घरटी एक माणूस तिकडे कामाला, आणि जुनी गाडी म्हटलं की पहिला फोन तिकडेच जातो. गटातल्या एकीच्या चुलतदिरांनी ठाण्याच्या एका एजंटकडे मारुती ओम्नी बघितली. 2006 चं मॉडेल, एमएच 04 नंबर, किंमत 1 लाख 5 हजार. दोन वर्षांच्या दिवाळी फराळाचा नफा आणि प्रत्येकीची थोडी थोडी शिल्लक असं करून पैसे उभे राहिले. माळशेज घाट चढून, आळेफाट्यावरून गाडी संध्याकाळी गावात आली. पांढरी शुभ्र, आरशासारखी चकचकीत! हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. मीही कौतुकानं बोनेटवरून हात फिरवला. दहा वर्षांच्या गाडीला इतका ताजा रंग कसा, हे विचारायचं मात्र आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही.

पहिल्या पावसात सरकत्या दाराखाली रंगाला बारीक फोड आले. पुरीला येतात ना, तसे. आम्हाला वाटलं, रंगच हलका असेल. मग श्रावण संपता संपता नगरच्या प्रदर्शनाला माल घेऊन निघालो. भाळवणी मागे टाकली, एका गतिरोधकावर गाडी जरा आदळली आणि मागे बसलेल्या मावशी किंचाळल्या. बघते तर त्यांचा पाय घोट्यापर्यंत गाडीच्या बाहेर! रबरी मॅटसकट खालचा पत्रा फाटून टाच रस्त्याच्या दिशेला लोंबत होती. गाडी हळू होती म्हणून नडगी खरचटण्यावर निभावलं. त्या जागी शेजारच्या ताईंचा चार वर्षांचा नातू बसणार होता, ऐनवेळी तो आजीच्या मांडीवर बसला. आजही तो प्रसंग आठवला की पोटात गोळा येतो.

मावशींना आधी दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जाता जाता एक सांगते, धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात. गंजक्या खरबरीत पत्र्यावर माती टिकून राहते आणि त्यानं झालेली जखम खोल जाते म्हणून धोका. तेव्हा पत्रा चकचकीत असला तरी जखमेकडे दुर्लक्ष नको.

गाडी नगरलाच एका डेंटिंगवाल्या चाचांच्या गॅरेजमध्ये टाकली. साठीच्या पुढचा माणूस. त्यांनी मॅट उचलली, स्क्रू ड्रायव्हरनं खालचा भाग टोकरला, तर पत्र्याऐवजी भुसा पडावा तसा लाल चुरा पडायला लागला. दाराखालच्या पट्टीवरचा रंग खरवडला तेव्हा आत काय निघालं असेल? वर्तमानपत्र! भोकावर कागद चिकटवून, त्यावर पुट्टी (आपले घर रंगवणारे तिला लांबी म्हणतात) थापून वरून रंग मारलेला. कागदाच्या कोपऱ्यावर तारीखसुद्धा वाचता येत होती, गाडी आमच्या हाती येण्याच्या तीन आठवडे आधीची.

“ताई, तुमी रंग घेतला, गाडी नाय घेतली,” चाचा म्हणाले.

एजंटला फोन लावला. “मॅडम, जुन्या गाडीची गॅरंटी कोण देतं? कागदावर ‘जशी आहे तशी’ लिहिलंय, सही तुमचीच आहे.” सही होतीच. दुरुस्तीचा अंदाज निघाला साडेतेवीस हजारांचा.

खरं दुखणं याहून वेगळं होतं. ज्या ताईंच्या दिरांनी गाडी बघितली होती, त्यांच्याकडे गावात वेगळ्याच नजरेनं बघितलं जायला लागलं. दिरांनी मधे पैसे खाल्ले असतील का? कुणी तोंडावर बोललं नाही, पण पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत कुजबुज पोचली. ताईंनी बैठकीला येणंच सोडलं. एक नाही, तीन बैठका. शेवटी मी तो वर्तमानपत्राचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गटात नेला आणि हातोहात फिरवला. म्हटलं, बघा, हे काम करणाऱ्यानं दिरांनाही फसवलं आणि आपल्यालाही. गाडी दारात आल्यावर आपण अकरा जणी आणि मी बारावी, चाकाला लिंबू लावायला वाकलो, पण मॅट उचलून बघायला एक तरी वाकली का? सगळ्या गप्प. अध्यक्षबाई उठल्या आणि थेट त्या ताईंच्या घरी गेल्या. दुरुस्तीचा सगळा खर्च मीच भरते म्हणून ताई अडून बसल्या होत्या. तो गटानं घेतला नाही, सगळ्यांसारखाच अकरावा हिस्सा घेतला.

गाडी नऊ दिवस गॅरेजमध्ये होती आणि मी सवड मिळेल तशी जाऊन चाचांच्या डोक्याशी बसायची. मला तर ते शाळेत जाण्यासारखंच वाटलं. शास्त्र तसं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. लोखंडी तवा घासून ओला ठेवला तर सकाळी तांबूस होतो, तेल पुसून ठेवला तर होत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू, हे तिघं भेटले की गंज धरणार. तिघांत मीठ आलं की मग काही विचारू नका, गंजण्याचा वेग कितीतरी वाढतो. म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर कुजतात. परदेशात थंड मुलखात रस्त्यावरचा बर्फ वितळायला मीठ टाकतात, तिथंही गाड्यांची हीच तऱ्हा. आपला नगर जिल्हा कोरडा, इथं जन्म काढलेल्या गाडीचा पत्रा तसा टिकतो. गंमत बघा, दुष्काळी भागाचा एवढा एक तरी फायदा!

आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, तो फुगतो. म्हणूनच वरच्या रंगाला फोड येतात. म्हणजे फोड दिसला तेव्हा आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

मुलांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेला असाल, तर तिथं उघड्यावर, ऊन-पावसात उभे असलेले जुने रणगाडे आठवा. मी चाचांना विचारलं, ते कसे नाही संपत? चाचा हसले. त्यांचं चिलखत जाडजूड, आणि वर रंगही वेळच्या वेळी चढतो. आपल्या गाडीचा पत्रा सहसा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. त्याला गंज किती दिवस पुरणार? शिवाय आजच्या बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. सगळा भार हा पत्राच पेलतो. त्यामुळे गंज म्हणजे नुसता चेहऱ्यावरचा डाग नव्हे.

पण म्हणून गंज दिसला की गाडी नाकारायची, असंही नाही. वरवरचा तांबूस डाग असेल, नखानं खरवडल्यावर खाली घट्ट पत्रा लागत असेल, तर काम सोपं. खवले निघत असतील तर जपून. आणि पेचकस टोचल्यावर आरपार गेला, तर मग तो पत्रा कापून नवा वेल्ड करण्याशिवाय इलाज नाही. भोकावर पुट्टी म्हणजे फाटक्या साडीवर इस्त्री. त्यातही दाराचा, मडगार्डचा पत्रा गेला तर खर्च सोसता येतो. पण चाकांचे आधार जिथं बसतात ती जागा, सीटबेल्टचे बोल्ट, जॅक लावायची जागा किंवा चासी नंबर कोरलेला भाग कुजला असेल तर कितीही स्वस्त मिळो, नमस्कार करून परत यावं. चासी नंबर नीट वाचता आला नाही तर आरटीओत कागदपत्रांचंही अडतं.

आता आंब्याकडे येते. मॅग्नेट पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही, एवढं साधं आहे. फ्रीजवरचं हलकं मॅग्नेटच घ्यायचं, स्पीकरमधलं दांडगं लोहचुंबक पातळ पुट्टीतूनही ओढून घेतं. रंगाला चरा पडू नये म्हणून खाली पातळ रुमाल धरायचा. दारांच्या खालच्या कडा, दाराखालची पट्टी, चाकांच्या वरची कमान, डिकीची कड असं फिरवत न्यायचं. एका ठिकाणी घट्ट आणि शेजारीच निसटलं, की समजायचं, इथं काहीतरी झाकलंय. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथं चिकटलं नाही म्हणून मालकाशी भांडू नका. (मी भांडलेय.) बोटाच्या पेरानं वाजवूनही कळतं. माठ घेताना आपण वाजवतो की नाही? पुट्टी भरलेली जागा बद्द वाजते.

मग मॅट उचलायची, सगळ्या. डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून तिथल्या खळग्यात बघायचं, पाणी साठायची ती हक्काची जागा. टॉर्च घेऊन खालून बघायचं, आणि खालच्या बाजूला सगळीकडे ताजा काळा रंग फासलेला असेल तर आनंदून न जाता कशासाठी फासला ते विचारायचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणी जायचं नाही, घरच्या पुरुषांनाही जाऊ द्यायचं नाही. गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन बघा.

नंबर प्लेटही बोलते. एमएच 01 ते 04 मुंबई-ठाणे, 06 रायगड, 07 सिंधुदुर्ग, 08 रत्नागिरी, 43 नवी मुंबई. अशा गाडीनं खारा वारा प्यायलेला असतो, तिच्यापाशी दुप्पट वेळ काढा. आपल्याकडचे 16 आणि श्रीरामपूरचे 17 नंबर त्या मानानं बरे. पण पुराचं पाणी कुठल्याही नंबराला शिवतं. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, 2021 च्या जुलैत चिपळूण. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी केली तर वरून काही कळत नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गाळाची रेघ राहिलेली असते. सीटखालचे स्क्रू आणि स्प्रिंगा तांबारल्यात का तेही बघा. आणि अत्तर-फ्रेशनरचा घमघमाट असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास लपत नाही, हे ओले कपडे वाळत घालणाऱ्या बाईला सांगायला नको.

दुरुस्तीचंही थोडं सांगते, म्हणजे गॅरेजवाला काय करतोय ते तुम्हाला कळेल. गंज लाल असेपर्यंत त्यावर काहीही लावायचं नाही. पॉलिश पेपरनं, तारेच्या ब्रशनं घासून पांढरा चमकता पत्रा दिसला पाहिजे, आणि फोड जेवढा दिसतो त्याच्या दोन बोटं पलीकडपर्यंत. घासताना नाका-तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा हवा. सांध्यात, खाचेत जो गंज पोचून निघत नाही तिथं ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाचं द्रव लावतात. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. हिरडा लोखंडी कढईत उकळला की पाणी काळंकुट्ट होतं ना, तसाच गंज काळा पडतो आणि तिथंच थांबतो. चिंचेच्या कोळानं तवा स्वच्छ होतो तो प्रकारही यातलाच, पण गाडीला चिंच लावून बसू नका, ती पूर्ण धुतली गेली नाही तर उलट पत्रा खाईल. मग प्रायमर, आणि तो त्याच दिवशी. चाचा उघडा पत्रा रात्रभर ठेवत नसत. पावसाळ्यात तर सकाळपर्यंत त्यावर पुन्हा तांबूस साय धरते. प्रायमरवर गरजेपुरती पुट्टी, मग रंग. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर सोडायची, आतल्या मॅट-सीटा काढायच्या आणि पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवायची. हे विचारायला लाजू नका. गाडीत आपलीच पोरं बसणार आहेत.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या उन्हाळ्यात नव्या पत्र्यावर, डिकीच्या बाजूला, पुन्हा तांबूस डाग! मी तावातावानं चाचांकडे गेले. त्यांनी बोट लावलं, जिभेला टेकवलं आणि म्हणाले, “ताई, ये तो लोणचं है.” बरण्या हिंदकळून खार सांडत होता, आणि आम्ही वरवर पुसून मोकळ्या होत होतो. ठाण्याच्या समुद्राला वर्षभर नावं ठेवली आणि मीठ आम्हीच शिंपडत होतो. तेव्हापासून बरण्या प्लॅस्टिकच्या खोल टबात ठेवायच्या असा नियम झाला. तुमच्याकडे लोणचं नसेल, पण खताची गोणी असेल, ती तर याहून वाईट. खताचे दाणे मॅटखाली गेले आणि ओल लागली की पत्रा खातातच.

बाकी काळजी म्हणाल तर खर्चाची नाही, सवयीची आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. जाड दाभण नाहीतर केसांची पिन घालून मोकळी करा. उसाच्या दिवसांत रस्त्यावरचा चिखल चाकांवरच्या कमानीत थापून बसतो, तो पाण्याच्या धारेनं पाडा. बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा, आणि कापडानं कोरडं. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचा कागद झाकणं म्हणजे कुरडयांवर झाकण ठेवून वाफ धरणं. काही जण खालून इंजिनचं जुनं काळं तेल मारतात. मला ते पटत नाही. रबराचे भाग खराब होतात, आणि ठिबकून तेल जातं कुठं, तर आपल्याच मातीत. गॅरेजमध्ये मेणाचं किंवा रबराचं कोटिंग मिळतं ते करावं, पण खालचा गंज काढल्यावरच. गंजावर कोटिंग म्हणजे चोर आत आणि दाराला कुलूप.

ओम्नी आम्ही 2021 पर्यंत चालवली. त्या वर्षी तिची 15 वर्षं भरली, पुढच्या पाच वर्षांसाठी आरटीओत फेरनोंदणी करायची वेळ आली. चाचांनी खड्ड्यावर घेऊन बघितली. आम्ही बसवलेला पत्रा धड होता, पण पुढच्या चाकांच्या आधारापाशी पेचकस आत जात होता. “करून देईन, पन माझ्या लेकीला बसू देनार नाय यात,” ते म्हणाले. यावर चर्चा झाली नाही. गाडी भंगारात गेली. फेरनोंदणीची फी तेव्हा 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून ती 5 हजार झाली. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी स्वस्तात घेताना आता हाही हिशेब मांडावा लागतो.

त्याच वर्षी दिवाळीआधी गटानं पुन्हा जुनी गाडीच घेतली, 2014 ची ईको, श्रीरामपूरकडची. बघायला आम्ही सात जणी गेलो. मी आंबा काढला, दोघींनी मॅटा उचलल्या, एकीनं सगळे सीटबेल्ट ओढले, मावशी नुसत्या आत बसून वास घेत राहिल्या. मालक कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, “बाई, गाडी बघायला आलात का मुलगी?”

“मुलीला इतकं बघत नाही आम्ही,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

गॅरेजच्या खड्ड्यात उतरल्या होत्या त्याच त्या ताई, ज्यांनी तीन बैठका सोडल्या होत्या. पदर खोचलेला, हातात टॉर्च. बराच वेळ झाला तरी वर येईनात. मालकाचा चेहरा उतरायला लागला. शेवटी खालून आवाज आला, “अगं, कुणीतरी दाभण द्या गं, हितं एका भोकात माती बसलीया.”